आठचा आकडा



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. नाशिकच्या वन्संनी तर फोन करून विचारलं, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. परीक्षेच्या गडबडीत होते, एवढंच. परीक्षा माझी नाही, नातीची. आणि तीही कॉलेजची नाही, मोटारसायकलच्या लायसन्सची!

गेला सव्वा महिना रोज संध्याकाळी साडेपाचला आम्ही तिघं माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर जातो. मी, नात आणि शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. शाळेच्या शिपायाकडून मी फक्कीचा डबा मागून घेतला आहे. क्रीडास्पर्धांच्या आधी धावपट्ट्या आखायला वापरतात ना, ती पांढरी फक्की. नोकरीत असताना याच मैदानावर मुलींकडून कबड्डीचं मैदान आखून घेत असे. आता वयाच्या ७४व्या वर्षी स्वतः वाकून तिथे भला मोठा आठ काढला.

आठ म्हणजे इंग्रजी आठ बरं का. पहिल्या दिवशी सवयीने मी मराठी ८ काढायला घेतला, तर नात हसत सुटली. "आजी, ह्याच्यावरून गाडी नेली तर मी सरळ गावाबाहेर जाईन!" खरंच आहे. आपला आठ एका बाजूने उघडा, त्यातून सुटता येतं. लायसन्सच्या परीक्षेतला आठ बंद असतो. डावीकडे एक वळसा, उजवीकडे एक वळसा, मध्ये स्वतःचाच रस्ता ओलांडायचा आणि निघालो तिथेच परत यायचं. पाय जमिनीला न टेकता.

आज लिहायचं आहे ते याच आठाबद्दल. पण त्याआधी थोडं घरातलं सांगावं लागेल. चिरंजीव हे वाचतील तेव्हा भुवया उंचावतील. उंचावू देत.

नात एकोणीस वर्षांची. बिनगिअरची स्कूटर शिकली तरी चाललं असतं, तिच्या मैत्रिणी तेच करतात. कायद्यात बिनगिअरची मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल हे दोन वेगळे वर्ग आहेत. पण हिचं म्हणणं असं की घरात जी गाडी उभी आहे ती मला चालवता आली पाहिजे. "रात्री-अपरात्री बाबाला काही झालं तर मी काय शेजाऱ्यांची दारं वाजवत बसू?" आणि घरात उभी आहे ती चिरंजीवांची जुनी स्प्लेंडर. यावर कोण काय बोलणार!

शिकाऊ परवान्याची परीक्षा तिने घरीच दिली. महाराष्ट्रात २०२१ पासून ती घरबसल्या संगणकावर देता येऊ लागली. शंभरातले साठ टक्के बरोबर आले की पास. मी कुतूहलाने शेजारी खुर्ची ओढली, तर म्हणाली, "आजी, तू आत जा. तू नुसतं 'अं हं' केलंस तरी ती कॉपी होईल." मनातून मला फार बरं वाटलं. घरात निदान एक तरी माझ्यावर गेली, असं वाटलं. (हे वाक्य पुढे मलाच गिळावं लागलं, ते सांगतेच.)

पक्क्या लायसन्सची परीक्षा शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर तीस दिवसांनी देता येते. जेवताना तो विषय निघाला. चिरंजीव म्हणाले, "त्यात काय एवढं? एजंटकडे कागद दिले की झालं. ही गिअरची गाडी घेऊन आठ काढायला गेली तर चारदा नापास होईल, कॉलेज बुडेल ते वेगळंच."

झालं. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. चौतीस वर्षांची नोकरी, दहावीच्या केंद्रावरचं पर्यवेक्षण, कॉपीच्या चिठ्ठ्या, पायमोज्यातून काढलेली गाइडची पानं, सगळं बाहेर आलं. परीक्षा म्हणजे काय, प्रामाणिकपणा म्हणजे काय. चिरंजीवांनी सगळं ऐकून घेतलं, पोळीचा तुकडा मोडला आणि शांतपणे विचारलं, "आई, माझं लायसन्स कुणी काढून दिलं होतं?"

सूनबाई भाजी वाढत होती, तिने मानही वर केली नाही.

मीच काढून दिलं होतं, मंडळी. साल २०००. त्याला नुकतं अठरावं वर्ष लागून संपलं होतं, माझ्यामागे शाळेच्या कामांचा ढीग, रजा मिळेना. ओळखीच्या एजंटला फोटो, सह्या आणि पैसे दिले. पंधरा दिवसांनी लायसन्स घरी. त्याने आठ काढला नाही, कुणी काढायला सांगितला नाही.

आणि इतकं सांगितलंच आहे तर माझंही सांगते. १९८६ साली मी लुना घेतली. घर ते शाळा सहा किलोमीटर, एसटीच्या वेळा जुळत नसत. तेव्हा आमच्या भागात लुनावरून जाणारी बाई म्हणजे लोक दारात येऊन बघायचे. ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी एजंट गाठून दिला. मी फॉर्मवर सह्या केल्या आणि लायसन्सचं छोटं पुस्तक हातात आलं. त्या दिवशी साहेबांसमोर लुना नेणं तर सोडाच, मला ती स्टँडवरून नीट उतरवताही येत नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये मी दहावीच्या एका मुलाला कॉपी करताना पकडलं होतं. मांडीवर लिहून आणलेली चार सनावळ्या होत्या. त्याचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, पण त्या कधी माझ्या मनात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या नाहीत. त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या राहिल्या.

त्या कॉपीची शिक्षा मला मिळाली नाही. ती मिळाली चिरंजीवांना. १९८९चा पावसाळा नुकता संपला होता. सात वर्षांचा मुलगा मागे बसलेला, मला कमरेला धरून. आमच्या गल्लीच्या वळणावर बांधकामाची वाळू रस्त्यावर पसरली होती. समोरून बैलगाडी आली, मी घाबरले आणि वळता वळता उजव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला. लुनाला दोन्ही ब्रेक हाताशीच, उजवा पुढच्या चाकाचा. वाळूवर, वळणात, पुढचं चाक अडकलं की गाडी खाली जाणार हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं, कारण ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मला थोडंसं खरचटलं. त्याच्या हनुवटीला सात टाके पडले. दाढी करताना आजही त्याला तिथे वस्तरा जपून फिरवावा लागतो.

इतकी वर्षं मी ही गोष्ट "वाळू होती ना रस्त्यावर" अशीच सांगत आले. वाळू होतीच. पण वाळू सगळ्यांच्याच वाटेत येते.

तर माझं म्हणणं असं आहे. एजंटला पैसे देऊन आपण परीक्षा चुकवतो असं आपल्याला वाटतं. आपण परीक्षा चुकवत नाही, तयारी चुकवतो. परीक्षा जेमतेम दोन मिनिटांची असते. साहेब आपल्याला ओळखत नाहीत, उद्या रस्त्यावर ते आपल्याबरोबर नसणार. पण त्या दोन मिनिटांच्या भीतीने माणूस महिनाभर मैदानावर घाम गाळतो, आणि उपयोगी पडतो तो तो महिना. शाळेतही तेच होतं. सहामाहीचे गुण कुणाच्या लक्षात राहतात? पण सहामाहीच्या धाकाने पाठ झालेले पाढे जन्मभर पुरतात. परीक्षा काढून घेतली की पाढेही जातात. माझ्या लुनाच्या लायसन्समध्ये पुस्तक होतं, शिक्का होता, फोटो होता. पाढे तेवढे नव्हते.

आणि हे पाढे न येणाऱ्यांचं काय होतं? केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे. देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. सगळ्यांच्या मृत्यूचं कारण एजंट, असं म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. खड्डे आहेत, ट्रक आहेत, हेल्मेट न घालणं आहे. पण आपल्याकडे मोटारसायकल शिकवतं कोण? चारचाकीला निदान ड्रायव्हिंग स्कूल असतं. मोटारसायकल चुलतभाऊ शिकवतो, मोकळ्या रस्त्यावर, अर्ध्या तासात. "क्लच सोड, रेस दे, जा!" त्या चुलतभावाला त्याच्या चुलतभावाने शिकवलेलं असतं.

आता ह्या महिन्यात आम्ही काय केलं ते सांगते. कुणाच्या घरी कुणी परीक्षेला बसणार असेल तर उपयोगी पडेल. (मी अर्थात फक्कीवाली. शिकवणारे ड्रायव्हरकाका. शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवाला शिकवणाराच बसू शकतो, आणि माझं लायसन्स मी सत्तरी आल्यावर नूतनीकरण न करता कपाटात ठेवून दिलं आहे.)

पहिले दोन दिवस काकांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. गाडी ढकलत नेणं, मेन स्टँडवर चढवणं, उतरवणं, दोन्ही बाजूंना थोडी कलती करून सावरणं. "बाई, आधी गाडीचं वजन पोरीच्या अंगाला कळू द्या. वजन कळलं की भीती निम्मी जाते," असं त्यांचं म्हणणं.

मग चार दिवस फक्त क्लच. रेस अजिबात द्यायची नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडत आणला की गाडी आपली आपण चालायला लागते, माणसाच्या चालीने. क्लच जिथे पकडायला लागतो ती जागा डाव्या हाताच्या बोटांना पाठ झाली पाहिजे. नातीची गाडी पहिल्या दिवशी मोजून एकवीस वेळा बंद पडली. मी फक्कीने रेघा मारून ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी तीन रेघा.

गिअरचीही एक गंमत कळली. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. काकांच्या मुलाच्या गाडीला पहिला खाली आणि बाकीचे वर उचलायचे. नातीने एक दिवस ती गाडी चालवून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींचा घोळ झाला. म्हणून ज्या गाडीवर परीक्षा द्यायची तिच्यावरच सराव करावा. तिचे कागद, म्हणजे आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी, आधीच बघून ठेवावेत. आमच्या पीयूसीची मुदत संपलेली निघाली!

नंतर सावकाश चालवणं. हे मात्र मी शिकवू शकले. आमच्या शाळेच्या संमेलनात दर वर्षी सावकाश सायकलची शर्यत असे, तुमच्याही शाळेत असेल. जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला आणि पाय टेकला की बाद. मी दोन रेघा मारल्या आणि नातीला म्हटलं, जितका वेळ लावता येईल तितका लाव. नजर कुठे, तर लांब. पुढच्या चाकाकडे बघणारा मुलगा त्या शर्यतीत नेहमी पहिल्यांदा पडायचा. गाडी वेगात असली की बरीचशी स्वतःच उभी राहते, हळू असली की तिला आपण उभं ठेवावं लागतं. म्हणून भरधाव जाणं कुणालाही येतं, सावकाश जायला शिकावं लागतं.

नातीने मला मोबाइलवर जपानमधली परीक्षा दाखवली. तिथे १५ मीटर लांब आणि फक्त ३० सेंटीमीटर रुंद अशा पट्टीवरून मोटारसायकल न्यायची असते, आणि ती लवकर नेऊन चालत नाही! मधल्या वर्गाच्या गाडीला निदान ७ सेकंद लागले पाहिजेत, मोठ्या गाडीला १०. म्हणजे आमची संमेलनातली शर्यतच की! जपानी माणसाने ती परीक्षेला लावली, आम्ही बक्षिसाला एक कंपासपेटी देऊन विसरून गेलो.

मग आठ. काकांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते. पहिला किंवा दुसरा गिअर, जो जमेल तो, पण मध्ये बदलायचा नाही. क्लच अर्धा. वेग कमी करायचा तर उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका, पुढच्या ब्रेकला वळणात हात लावायचा नाही. (हे ऐकताना मी दुसरीकडे बघत होते.) गुडघे टाकीला चिकटलेले. मान वळवून पुढचं वळण जिथे संपतं तिथे बघायचं, गाडी डोळ्यांच्या मागे जाते. आणि वळण्याआधी इंडिकेटर, वळल्यावर तो बंद. बंद करायचा विसरलात तर मागच्याला तुम्ही खोटं सांगत असता.

शेवटचा आठवडा ब्रेकचा. फक्कीची रेघ, त्या रेघेवर गाडी थांबवायची. सरळ रेषेत, दोन्ही ब्रेक मिळून, एकदम न आवळता चढवत चढवत. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. त्याला घाबरूनही चालत नाही आणि वळणात, वाळूत तो दाबूनही चालत नाही. इतकं साधं! १९८६ साली कुणी एका संध्याकाळी मला एवढंच सांगितलं असतं तर!

खरं म्हणजे सरकारी कागदावर ह्यातलं सगळं आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या पंधराव्या नियमात परीक्षेत काय काय बघावं त्याची लांबलचक यादी आहे. आरसा लावून घेणं, चढावर गाडी सुरू करणं, दुसऱ्याला ओलांडणं आणि स्वतःला ओलांडू देणं, वेळेवर इशारा करणं, अचानक गाडी थांबवणं. वाचून मला आमचा अभ्यासक्रम आठवला. छापलेला अभ्यासक्रम मोठा, परीक्षेत येतो एकच प्रश्न, आणि तोही सगळ्यांना माहीत असलेला. आठ.

इंग्लंडात माझा भाचा आहे. इथे दहा वर्षं बुलेट चालवलेला गडी. तिथे त्याला एक दिवसाचं मूलभूत प्रशिक्षण, मग लेखी, मग मैदानावरची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची, असं सगळं करावं लागलं. मैदानावर आठ आहेच, शिवाय गाडी हाताने ढकलत नेणं आणि ताशी ५० किलोमीटरच्या वेगात अचानक थांबवणंही आहे. पठ्ठ्या पहिल्यांदा नापास झाला. कारण काय, तर यू-टर्न घेण्याआधी खांद्यावरून मागे पाहिलं नाही. "मावशी, दहा वर्षं मी मागे न बघताच वळत होतो गं," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

तर परीक्षेचा दिवस. सकाळी साडेनऊला आम्ही पोचलो. हेल्मेट घातलेल्यांची रांग. एक भाजीवाले गृहस्थ होते, पन्नाशीचे, वीस वर्षं गाडी चालवतात, लायसन्स पहिल्यांदाच काढत होते. त्यांनी पहिल्याच वळणावर पाय टेकला. "रस्त्यावर असं वळण असतंय व्हय?" असं पुटपुटत ते बाजूला झाले. काही जणांचा आठ अर्धाच झाला आणि "झालं, जा" ऐकू आलं. ते कुणामार्फत आले होते हे रांगेतल्या सगळ्यांना कळत होतं.

नातीचा नंबर आला. पहिला वळसा सुरेख. मधला छेद सुरेख. दुसऱ्या वळशात, घरी शंभरदा न अडखळता काढलेल्या वळशात, तिने क्षणभर साहेबांकडे बघितलं. डोळे गेले तिकडे गाडी गेली. डावा पाय टेकला.

"नापास. सात दिवसांनी या," साहेब म्हणाले. आवाज कठोर नव्हता. कायदाच तसा आहे, सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

परत येताना रिक्षात ती एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. मनात आलं, आपला हट्ट तर नव्हता हा? स्वतःची दोन जुनी पापं धुवायला आपण पोरीला रांगेत उभं केलं का? जे अर्धा आठ काढून गेले ते आज पास आहेत, आणि ही महिनाभर घाम गाळून नापास. असा हिशेब मुलांना दाखवून वर खरेपणा शिकवायचा तरी कसा? हे प्रश्न मी अजून पूर्ण सोडवलेले नाहीत.

शिवाय त्या भाजीवाल्यांचाही विचार डोक्यातून जाईना. माझ्या नातीचा एक दिवस बुडाला, त्यांची एक दिवसाची कमाई. अशा माणसाला "एजंटकडे जाऊ नका" हे सांगायला माझी पेन्शन मला परवानगी देते, पण त्याचं पोट त्याला देत नाही. म्हणून मी नुसता उपदेश करणार नाही. एक सुचवते. गावोगावी शाळेची मैदानं आहेत, रविवारी ती रिकामी असतात. एसटीतून आणि लष्करातून निवृत्त झालेली माणसं आहेत, त्यांच्यापाशी वेळ आहे. फक्की तर किती स्वस्त! रविवारी सकाळी दोन तास मैदानावर एक आठ आणि एक ब्रेकची रेघ आखून ठेवली, तर त्या भाजीवाल्यांना आठ दिवसांत जमेल. ज्याला आठ येतो त्याला एजंट कशाला हवा? भीती आहे म्हणून त्याचं दुकान चालतं.

त्या संध्याकाळी मी एकटीच मैदानावर गेले. नात येईल असं वाटलं नव्हतं. पुसट झालेल्या रेघांवर फक्की टाकत होते तर मागे गाडीचा आवाज आला. नात होती, ड्रायव्हरकाका होते, आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसून चिरंजीव! ऑफिसातून तसेच आलेले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, "मी म्हटलं नव्हतं?"

तसं काही म्हणाले नाहीत. थोडा वेळ लेकीचे वळसे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "इतकं काय अवघड आहे त्यात? आण इकडे." पंचवीस वर्षं रोज गाडी चालवणारा माणूस. ऐटीत बसले. पहिला वळसा झाला. मधला छेद झाला. दुसऱ्या वळशात गाडी फक्कीबाहेर गेली, ती आत घेताना हँडल पूर्ण वळलं, आणि... पाय टेकला!

नात ओरडली, "बाबा, नापास! सात दिवसांनी या!" काका हसले, मी हसले. चिरंजीवही हसले, पण जरा वेळाने. गाडीवरून उतरून माझ्याजवळ आले, हनुवटीवरून हात फिरवला (ती त्यांची जुनी सवय) आणि म्हणाले, "आई, ती फक्की दे. वळण जरा अरुंद आखलंयस तू."

वळण बरोबर आखलं होतं, मी मापून घेतलं होतं. पण डबा त्यांच्या हातात दिला.

येत्या मंगळवारी पुन्हा परीक्षा आहे. पास झाली तर पेढे, नाही झाली तर पुन्हा फक्की. चिरंजीव आता रोज मैदानावर येतात. तिला सोबत म्हणून, असं म्हणतात. काल त्यांचा आठ पूर्ण झाला.

असो. लांबण बरीच लागली. तुमच्या घरात कुणी कसं लायसन्स काढलं ते खरं खरं आठवून बघा. मला कळवलं नाहीत तरी चालेल.